विश्लेषण : पाव-पाण्यावर दिवस काढलेल्या मास्तरांनी अवकाशयानात मळा का लावला?

विज्ञानकथेतले अवकाशयान म्हटले की इंजिन, वेग आणि खिडकीतले तारे आठवतात. यानातल्या माणसांनी वर्षभर खायचे काय आणि प्यायचे काय, हा प्रश्न मागेच राहतो. रशियातल्या एका जवळजवळ बहिऱ्या शाळामास्तरांनी तो सर्वांत पुढे आणला. कॉन्स्तान्तिन त्सिओल्कोव्हस्की (१८५७-१९३५) हे त्यांचे नाव. जग त्यांना रॉकेटच्या सूत्रासाठी ओळखते. त्यांच्या कादंबरीतल्या यानाला मात्र भाजीपाल्याचा मळाही आहे. तो तिथे का आला, हे त्यांच्या आयुष्यातून समजून घेऊ.

शिदोरी किती पुरणार?

लांबच्या प्रवासाची शिदोरी सोलापूरकरांना नवी नाही. कडक भाकरी आणि शेंगाचटणी कितीतरी दिवस टिकते, कारण तिच्यात पाण्याचा अंश फारसा नसतो. अवकाशातले अन्नही याच तत्त्वावर सुकवले जाते. पण भाकरीतून काढलेले पाणी माणसाला वेगळे प्यावे लागतेच. पाणी सुकवून नेता येत नाही.

साधा हिशेब करा. यानात २० माणसे आणि माणशी दिवसाला फक्त तीन लिटर पाणी धरले, तरी वर्षाला २१,९०० लिटर होतात. म्हणजे जवळपास २२ टन. हे वजन उचलायला जास्त इंधन लागते आणि ते जास्तीचे इंधन उचलायला आणखी इंधन लागते.

ज्युल व्हर्न यांच्या १८६५ च्या चंद्रप्रवासाच्या कादंबरीत हा प्रश्न शिदोरीनेच सोडवला आहे. भा. रा. भागवतांच्या अनुवादांमुळे व्हर्न मराठी घराघरांत पोहोचले. त्यांचे प्रवासी यंत्राने दाबून बसवलेले वर्षभराचे अन्न नेतात, पाणी मात्र दोनच महिन्यांचे. पुढचे पाणी चंद्रावर मिळेल, असा त्यांचा अंदाज असतो. व्हर्न वाचून भारावलेल्या त्सिओल्कोव्हस्की यांनी वेगळी वाट धरली.

बालपण आणि मॉस्कोतला पाव

त्यांचा जन्म १७ सप्टेंबर १८५७ रोजी रियाझान प्रांतातल्या इझेव्हस्कोये गावी झाला. वडील वनखात्यात होते. दहाव्या वर्षाच्या सुमारास स्कार्लेट फीव्हर झाला आणि ऐकू येणे जवळपास बंद झाले. १३ व्या वर्षी आई गेली. वर्गातले ऐकू येत नसल्याने शाळाही सुटली.

वडिलांनी १८७३ मध्ये त्यांना मॉस्कोला पाठवले. तिथे कॉलेजात प्रवेश मिळाला नाही. तीन वर्षे ते सार्वजनिक ग्रंथालयात बसून गणित, भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्र स्वतःच शिकले. घरून येणारे थोडेसे रूबल पुस्तके, पारा आणि आम्ले विकत घेण्यात संपत. पोटाला काळा पाव आणि पाणी, एवढेच. काही दिवसांचा पाव एकदाच आणून ठेवायचा आणि पुरवून खायचा. अखेर तब्येत खालावली आणि वडिलांनी त्यांना परत बोलावून घेतले.

मास्तरांची प्रयोगशाळा

१८७९ मध्ये शिक्षकाची परीक्षा पास होऊन ते बोरोव्हस्क गावात अंकगणित आणि भूमिती शिकवू लागले. १८८० मध्ये वारवारा सोकोलोवा यांच्याशी लग्न झाले. १८९२ मध्ये बदली कलुगा शहरात झाली आणि शेवटपर्यंत ते तिथेच राहिले. कानाला लावायचे पत्र्याचे कर्णे ते घरीच बनवत. हवेचा रोध मोजण्यासाठी त्यांनी १८९७ मध्ये स्वतःच वातबोगदा तयार केला. पुढे विज्ञान अकादमीने त्यांना ४७० रूबलची मदत दिली.

१९०३ मध्ये त्यांचा सर्वांत महत्त्वाचा लेख छापून आला. रॉकेटचा वेग हा बाहेर पडणाऱ्या वायूचा वेग आणि इंधनाचे प्रमाण यांवर कसा अवलंबून असतो, याचे सूत्र त्यात होते. ते मासिक लवकरच बंद पडले आणि लेखाकडे फारसे कुणाचे लक्ष गेले नाही.

हेच सूत्र शिदोरीच्या मुळावर येते. वजन वाढवले तर इंधनाची गरज त्याच प्रमाणात वाढते, पण यानाचा हवा तो वेग वाढवत नेला तर ती त्याहून कितीतरी जास्त वेगाने फुगते, असे त्यातून दिसते. मग लांबच्या प्रवासाला एकच उपाय उरतो : नेलेले पाणी पुन्हा पुन्हा वापरायचे आणि अन्न वाटेतच पिकवायचे. १९११-१२ मध्ये त्यांनी यानातली हवा शुद्ध करण्यासाठी आणि अन्नासाठी वनस्पती वापरण्याची कल्पना मांडली.

कादंबरीत नेमके काय आहे?

‘पृथ्वीच्या बाहेर’ अशा अर्थाच्या नावाची त्यांची कादंबरी १८९६ च्या सुमारास सुरू झाली. १९१८ मध्ये तिचा काही भाग मासिकात आला आणि पूर्ण पुस्तक १९२० मध्ये कलुगात निघाले. कथेचा काळ २०१७. हिमालयातल्या एका वाड्यात न्यूटन, गॅलिलिओ, फ्रँकलिन, इव्हानोव्ह अशा नावांचे वेगवेगळ्या देशांचे शास्त्रज्ञ राहतात. ते रॉकेट बांधून आकाशात जातात.

कक्षेत पोहोचल्यावर ते यानाला मळा जोडतात. तिथे ऊन सतत मिळते. माणसाच्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड झाडे घेतात आणि ऑक्सिजन देतात. माणसांचा मैला झाडांचे खत होतो. हवेतली वाफ थंड झाली की तिचे पाणी होते. मळ्यातली हवा मुद्दाम विरळ ठेवली आहे, म्हणजे भिंतींवर दाब कमी पडतो आणि त्या पातळ, हलक्या ठेवता येतात. बागेची ही कल्पना हिशेबातून आली आहे, हे इथे कळते.

हे लिहिताना घरी सुख नव्हते. १९०२ मध्ये त्यांच्या मुलाने, इग्नातीने, आत्महत्या केली. १९०८ मध्ये ओका नदीचा पूर घरात शिरला आणि त्यांची कागदपत्रे खराब झाली. १९११ मध्ये मुलीला क्रांतिकारी चळवळीत असल्याबद्दल अटक झाली. १९२१ मध्ये सरकारने पेन्शन दिली तेव्हा त्यांनी साठी ओलांडली होती. १९ सप्टेंबर १९३५ रोजी पोटाच्या कर्करोगाने त्यांचे निधन झाले. त्यांचे एकही रॉकेट कधी उडाले नाही.

आज आपण कुठे आहोत?

१९७१ मध्ये सल्यूत-१ या पहिल्या अवकाशस्थानकावर रोपे वाढवण्याचे छोटे यंत्र गेले. सायबेरियात क्रास्नोयार्स्क इथे बंदिस्त ‘बायोस-३’ मध्ये तीन-तीन माणसांनी १९७२-७३ मध्ये सहा महिन्यांचा प्रयोग केला. ऑगस्ट २०१५ मध्ये आंतरराष्ट्रीय अवकाशस्थानकावरच्या अंतराळवीरांनी तिथेच पिकवलेली लेट्युसची पाने खाल्ली.

पाण्याची बाजू सर्वांत पुढे गेली. घाम, श्वासातली वाफ आणि लघवी यांतून ९८ टक्के पाणी परत मिळवता आल्याचे नासाने २०२३ मध्ये जाहीर केले. म्हणजे १०० लिटरमागे दोनच लिटर वाया.

अन्नाचे तसे नाही. २०२५ मध्ये शुभांशु शुक्ला यांनी गाजर हलवा, मूग डाळ हलवा आणि आमरस नेला, तोही पृथ्वीवरूनच. स्थानकावर रसद घेऊन याने जातात, तोवर हे चालते. मंगळाच्या वाटेवर मध्येच रसद पोहोचणार नाही. कादंबरीतले २०१७ साल मागे पडले, पण माणसांचे पोट भरेल असा मळा अजून कुठल्याही यानात नाही.