दोन खटले, एक न्यायाधीश : सर जोसेफ अर्नोल्ड

कंपनी आणि राणीच्या काळात इंग्लंडहून मुंबईला न्यायाधीश म्हणून बरेच जण आले. त्यांतल्या बहुतेकांची नावं आज कुणाला आठवतही नाहीत. सर जोसेफ अर्नोल्ड यांचं नाव मात्र समाजसुधारणेच्या इतिहासात हमखास भेटतं.

त्यांचा जन्म १८१३ साली लंडनजवळच्या कॅम्बरवेलचा. कवी रॉबर्ट ब्राउनिंग त्यांचे तरुणपणापासूनचे मित्र. ऑक्सफर्डला शिकताना १८३४ साली अर्नोल्डनी कवितेचं न्यूडिगेट पारितोषिक मिळवलं. पण कवितेवर कुणाचं पोट भरलंय? ते १८४१ मध्ये बॅरिस्टर झाले. वर्तमानपत्रांत लिहिलं, १८४८ साली सागरी विम्याच्या कायद्यावर मोठा ग्रंथ लिहिला. त्याच्या सुधारित आवृत्त्या वकील अजून वापरतात. पुढे १८५९ साली त्यांची मुंबईच्या सुप्रीम कोर्टात नेमणूक झाली आणि 'सर' हा किताबही मिळाला.

तीनच वर्षांत त्यांच्यासमोर 'महाराज लायबल केस' उभी राहिली. वल्लभ संप्रदायाच्या महाराजांच्या अनाचारावर करसनदास मुळजींनी 'सत्यप्रकाश' या गुजराती पत्रात सडकून लिहिलं होतं. त्याबद्दल जदुनाथजी महाराजांनी पन्नास हजार रुपयांचा अब्रुनुकसानीचा दावा लावला. करसनदासांच्या बाजूने डॉ. भाऊ दाजींनी साक्ष दिली, तशीच विल्सन कॉलेजचे संस्थापक डॉ. जॉन विल्सन यांनीही. निकाल एप्रिल १८६२ मध्ये लागला. आरोप खरे ठरले. तरीही मुख्य न्यायाधीश सॉस यांनी कायद्याच्या एका मुद्द्यावर महाराजांना नावापुरते पाच रुपये देवविले. अर्नोल्डना तेवढंही पटलं नाही. त्यांच्या मते हा धर्ममताचा वाद नव्हताच, आचरणाचा होता; आणि ते उघड करणं हे पत्रकाराचं कर्तव्यच होतं.

सुधारक खूश झाले. पण पुढची गंमत बघा. चार वर्षांनी, १८६६ साली, खोजा समाजातली सुधारक मंडळी त्यांच्याच कोर्टात आली. आपण मुळात सुन्नी आहोत, जमातीच्या मालमत्तेवर आगाखानांचा अधिकार नाही, असं त्यांचं म्हणणं. अर्नोल्डनी शेकडो वर्षांचा इतिहास तपासला. खोजा लोक मरणाऱ्याच्या उशाशी वाचत असलेला 'दशावतार' ग्रंथही विचारात घेतला. आपल्या लोधीपुऱ्यातल्या दर्गाह-ए-हकीमीला येणारे बोहरा आणि हे खोजा, दोन्ही इस्माइली परंपरेतले; १०९४ साली फातिमी खलिफा मुस्तनसिर वारल्यावर वारसाच्या वादातून त्यांच्या वाटा वेगळ्या झाल्या. खोजा पहिल्यापासून शिया इस्माइली आणि आगाखान त्यांचे इमाम, असा निकाल अर्नोल्डनी दिला. या वेळी सुधारक हरले.

मग हे सुधारकांचे की सनातन्यांचे? मला वाटतं, कुणाचेच नाहीत. दोन्ही वेळा त्यांनी पुरावा नेईल तिथे जायचं ठरवलं. अर्थात, हजारो मैलांवरून आलेल्या परक्या माणसाने एखाद्या समाजाला तुम्ही कोण हे सांगावं, हे आज आपल्याला खटकतं, आणि खटकायलाच हवं. त्या निकालाने प्रत्येक खोजाचं मनही वळलं नाही. काही कुटुंबं पुढे वेगळी झाली.

१८६९ साली अर्नोल्ड निवृत्त झाले. मुंबईकरांनी विद्यापीठात त्यांच्या नावाने शिष्यवृत्ती ठेवली. १८८६ साली इटलीत फ्लॉरेन्सला त्यांचं निधन झालं. खोजा समाजाच्या इतिहासावर लिहिणाऱ्यांना मात्र त्यांचं १८६६ चं निकालपत्र आजही उघडावंच लागतं.