जुनी बोट, नवे कारखाने : शेठ वालचंद हिराचंद

मित्रांनो, वालचंद हे नाव आपल्यापैकी बहुतेकांनी पहिल्यांदा वाचलं ते बारावीनंतर, अॅडमिशनचा ऑप्शन फॉर्म भरताना. सांगलीचं वालचंद कॉलेज ऑफ इंजिनिअरिंग, त्याचा कट-ऑफ किती, आपल्याला मिळेल का, एवढाच विचार तेव्हा डोक्यात असतो. ज्या माणसाचं नाव त्या कॉलेजला दिलंय तो कोण होता, हे विचारायला कोणाला वेळ असतो? तो इंजिनिअर होता का? मुळीच नाही. त्याने तर डिग्रीसुद्धा पूर्ण केली नव्हती. पण बोट, विमान आणि मोटार ही तिन्ही वाहनं भारतात बनावीत म्हणून एकाच आयुष्यात तीन मोठे कारखाने उभे करायला निघालेला असा दुसरा माणूस आपल्या देशात सापडणं कठीण आहे. आणि या सगळ्याची सुरुवात झाली ती युद्धात वापरलेल्या एका जुन्या गाडीपासून. फक्त ही गाडी पाण्यावर चालणारी होती.

वालचंद यांचा जन्म २३ नोव्हेंबर १८८२ रोजी सोलापूरला एका जैन व्यापारी कुटुंबात झाला. घराणं मूळचं गुजरातचं, पण सोलापुरात स्थायिक झालेलं. घरचा धंदा सावकारी आणि कापसाचा. आई ते अगदी लहान असतानाच वारली. शिक्षणासाठी ते मुंबईच्या सेंट झेवियर्समध्ये आणि नंतर पुण्याच्या डेक्कन कॉलेजात गेले, पण शिक्षण अर्धवट सोडून घरच्या धंद्यात आले. तिथे काही त्यांचं मन रमेना. व्याज मोजत गादीवर बसणं हे त्यांच्या स्वभावातच नव्हतं.

मग त्यांना भेटले लक्ष्मण बळवंत फाटक. हे रेल्वेतले एकेकाळचे कारकून, नोकरी सोडून ठेकेदार झालेले. त्यांच्याकडे कामाची माहिती होती आणि वालचंदांकडे भांडवल. दोघांनी भागीदारी केली आणि बार्शी लाइट रेल्वेच्या कामाचा ठेका घेतला. पुढे फाटक-वालचंद ही जोडी मुंबई इलाख्यात प्रसिद्ध झाली. बोरघाटातले रेल्वेचे बोगदे आणि मुंबईला पाणी आणणारी तानसाची पाइपलाइन ही कामं त्यांच्या बांधकाम कंपन्यांनीच केली. आपण एक्स्प्रेसने पुण्याला जाताना खंडाळ्याच्या बोगद्यात मोबाइलची रेंज गेली म्हणून वैतागतो, तेव्हा तो डोंगर कोणी फोडला हे आपल्या मनातही येत नाही. त्यांच्या बांधकाम व्यवसायातूनच आजची हिंदुस्थान कन्स्ट्रक्शन कंपनी तयार झाली.

आता बोटीची गोष्ट. पहिलं महायुद्ध १९१८ मध्ये संपलं. युद्ध संपलं की सैन्याकडे वाहनांचा ढीग पडतो आणि त्यांचं काय करायचं हा प्रश्न येतो. ग्वाल्हेरच्या शिंदे महाराजांनी १९१४ मध्ये एक जुनी प्रवासी बोट विकत घेऊन तिचं हॉस्पिटल-जहाज केलं होतं आणि तिला लॉयल्टी असं नाव दिलं होतं. ही बोट १८९० च्या सुमारास इंग्लंडमध्ये बांधलेली. त्या आधी ती एम्प्रेस ऑफ इंडिया या नावाने कॅनडा ते जपान, हाँगकाँग अशी पॅसिफिक महासागरात फिरायची. म्हणजे वय जवळजवळ तीस वर्षं, त्यात चार वर्षं जखमी सैनिक वाहिलेले. असं म्हणतात की ही बोट विकायची आहे हे वालचंदांना आगगाडीच्या प्रवासात कळलं. त्यांनी नरोत्तम मोरारजी, किलाचंद देवचंद आणि लल्लूभाई सामळदास यांना सोबत घेतलं, बोट विकत घेतली आणि मार्च १९१९ मध्ये सिंधिया स्टीम नॅव्हिगेशन ही कंपनी काढली. बोट शिंद्यांची होती म्हणून कंपनीचं नाव सिंधिया!

जखमींच्या वॉर्डांच्या जागी पुन्हा पैसे देणारे प्रवासी बसवून ५ एप्रिल १९१९ रोजी लॉयल्टी मुंबईहून लंडनला निघाली. स्वतः वालचंद तिच्यावर होते. भारतीय मालकीच्या कंपनीचं जहाज अशा आंतरराष्ट्रीय मार्गावर जाणं ही त्या काळात फार मोठी गोष्ट होती, कारण समुद्रावरचा जवळजवळ सगळा धंदा ब्रिटिश कंपन्यांच्या हातात होता. म्हणूनच १९६४ पासून ५ एप्रिल हा दिवस राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळला जातो.

इथे गोष्ट संपली असती तर फार छान झालं असतं. पण खरं सांगायचं तर लॉयल्टीने पैसा मिळवून दिला नाही. तीस वर्षांची बोट, तिची भूक मोठी, म्हणजे कोळसा भरपूर लागणार आणि देखभालीचा खर्च वेगळा. १९२३ मध्ये ती भंगारात गेली. त्याच वर्षी मोठ्या ब्रिटिश कंपनीशी करार करून सिंधियाला किनाऱ्यालगतच्या वाहतुकीवर समाधान मानावं लागलं. पण कंपनी टिकली. आणि वालचंदांना एक धडा मिळाला, जो मला तरी आपल्या अख्ख्या सिलॅबसपेक्षा महत्त्वाचा वाटतो. दुसऱ्याचं जुनं मशीन दुरुस्त करून चालवता येतं, पण किती दिवस? पार्ट त्यांचेच, ड्रॉइंग त्यांचंच, भावही त्यांचाच. बनवायचं कुठे, हा खरा प्रश्न आहे.

तो प्रश्न त्यांनी पुढची वीस-पंचवीस वर्षं सोडला नाही. मधल्या काळात साखर कारखाने निघाले, नाशिक जिल्ह्यात रावळगाव आणि पुणे जिल्ह्यात वालचंदनगर वसलं. (रावळगावची चॉकलेटं आपण शाळेत असताना वाढदिवसाला वाटली आहेत, ती याच माणसाच्या कारखान्यातली!) पण त्यांचं लक्ष वाहनांवर होतं.

१९३९ मध्ये अमेरिकेच्या दौऱ्यात, पॅसिफिक ओलांडणाऱ्या विमानात त्यांची विल्यम पॉली या अमेरिकन माणसाशी गाठ पडली. पॉली चीनमध्ये विमानांचा कारखाना चालवत होता. चीनमध्ये होऊ शकतं तर आमच्याकडे का नाही, असं वालचंदांच्या मनात आलं असणार. दुसरं महायुद्ध सुरू झालेलं होतं. म्हैसूर संस्थानने जागा आणि भांडवल दिलं आणि डिसेंबर १९४० मध्ये बंगळूरला हिंदुस्थान एअरक्राफ्ट ही कंपनी नोंदली गेली. पुढच्याच वर्षी हार्लो नावाचं छोटं ट्रेनर विमान तिथे जोडून उडवलं गेलं. पण १९४२ मध्ये जपानी सैन्य ब्रह्मदेशात घुसलं, युद्ध दारात आलं आणि सरकारने वालचंदांचा हिस्सा विकत घेऊन टाकला. १९४३ पासून तो कारखाना अमेरिकन हवाई दलाच्या व्यवस्थापनाखाली गेला आणि तिथे लढाईतून आलेल्या विमानांची आणि इंजिनांची दुरुस्ती होऊ लागली. गंमत बघा, नवं बनवायला काढलेला कारखाना पुन्हा मिलिटरीचं जुनं दुरुस्त करण्यात गुंतला. पण त्या दुरुस्तीतच हजारो भारतीय कामगार विमान उघडून बंद करायला शिकले. तेच आजचं एचएएल.

जहाजाचंही तेच. २१ जून १९४१ रोजी विशाखापट्टणमला डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते शिपयार्डची पायाभरणी झाली. एप्रिल १९४२ मध्ये त्या गावावर जपानी बॉम्ब पडले आणि काम विस्कळीत झालं. तरीही १४ मार्च १९४८ रोजी पंडित नेहरूंनी जलउषा हे जहाज तिथून पाण्यात सोडलं. लॉयल्टीच्या प्रवासानंतर २९ वर्षांनी!

आता ट्रककडे येऊ, कारण आमच्या मेकॅनिकलवाल्यांना त्यातच रस आहे. सर विश्वेश्वरय्या यांनी १९३० नंतरच्या काळात भारतात मोटार कारखान्याची योजना मांडली होती. वालचंदांनी ती उचलली आणि १९४० मध्ये अमेरिकेच्या क्रायस्लर कंपनीशी करार केला. म्हणजे डॉज, डिसोटो आणि प्लिमथवाले. पण सरकारने मदत नाकारली. युद्धासाठी ट्रक हवे होते, हजारोंनी हवे होते, पण ते अमेरिका आणि कॅनडातून सुट्या भागांच्या पेट्यांत यायचे आणि इथे फक्त जोडले जायचे. अखेर १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन झाली आणि १९४७ मध्ये मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यातून गाड्या बाहेर पडू लागल्या.

युद्ध संपल्यावर लष्कराचे ते ट्रक डिस्पोजलमध्ये निघाले आणि देशभर पसरले. आमच्या चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलातही अशा गाड्या सागवान ओढायच्या असं बल्लारपूरचे जुने मिस्त्री सांगतात. आलापल्लीकडची माती पावसाळ्यात कशी होते हे ज्याने पाहिलंय त्याला फोर व्हील ड्राइव्हची किंमत सांगायला नको. पण मिलिटरीचा ट्रक घेऊन तो आपल्या कामाचा करणं सोपं नसतं. त्यात पेट्रोल इंजिन असायचं, ते तेल प्यायचं. मग डिझेल इंजिन बसवायचं. आता डिझेल इंजिन जड, म्हणजे पुढचे पाटे वाढवा. त्याचं फ्लायव्हील आणि जुना गिअरबॉक्स जुळत नाही, म्हणजे मधली प्लेट नवीन बनवा आणि ती एका रेषेत बसली नाही तर क्लच खाते. डिझेलचे आरपीएम कमी, म्हणून गाडीचा वेग पडतो, मग डिफरन्शिअलचा रेशो बदला. सहा व्होल्टची वायरिंग असेल तर डिझेलचा स्टार्टर फिरवायला पुरत नाही, म्हणजे तीही बदला. अमेरिकन गाडी असेल तर स्टिअरिंग डावीकडे. वरती सुताराकडून लाकडी बॉडी. एक गोष्ट बदलली की चार गोष्टी बदलाव्या लागतात. आपण मशीन डिझाइनच्या पेपरात हे सगळं शिकतो, आणि ते मिस्त्री पुस्तक न उघडता करायचे. पुढे प्रीमियरनेही आपल्या डॉज आणि फार्गो ट्रकमध्ये पर्किन्सचं डिझेल इंजिन दिलं. म्हणजे गॅरेजवाले जे एकेका गाडीला करत होते, ते कारखान्याने सगळ्याच गाड्यांना केलं.

मला वाटतं, वालचंद आणि हे मिस्त्री यांच्यात एक नातं आहे. दोघांनीही दुसऱ्याने टाकून दिलेल्या मिलिटरीच्या मशीनपासून सुरुवात केली. फरक एवढाच की मिस्त्रीकडे भांडवल नव्हतं, म्हणून त्याची अक्कल त्या एका ट्रकपुरती राहिली. त्याचं ड्रॉइंग कोणी काढलं नाही, तो गेला की ती विद्याही गेली. वालचंदांनी मात्र हट्टाने कारखाना काढला, कारण कारखान्यात ती अक्कल एका माणसाकडून दुसऱ्याकडे जाते.

वालचंदांवर टीकाही झाली. परदेशी कंपनीचं नाव लावून पार्ट जोडणं म्हणजे स्वदेशी का, असं विचारता येतं, आणि तो प्रश्न बरोबरच आहे. सुरुवातीला कुर्ल्यालाही बरीचशी जोडणीच होती, सुटे भाग हळूहळू इथे बनू लागले. ते संत नव्हते, नफा कमावणारे उद्योगपती होते. पण नुसता नफाच हवा असता तर बांधकामाचे ठेके आणि साखर पुरेशी होती. बोट, विमान आणि मोटार हे तिन्ही उद्योग त्या काळात तोट्याला आमंत्रण देणारे होते.

१९४९ मध्ये त्यांना पक्षाघाताचा झटका आला आणि पुढच्या वर्षी ते कामातून निवृत्त झाले. पत्नी कस्तुरबाई यांनी शेवटपर्यंत त्यांची सेवा केली. ८ एप्रिल १९५३ रोजी गुजरातमधल्या सिद्धपूरला त्यांचं निधन झालं. विमानाचा कारखाना आधीच सरकारकडे गेला होता, शिपयार्डही १९५२ मध्ये गेलं. सांगलीचं कॉलेज १९४७ मध्ये सुरू झालं होतं, त्याला १९५५ मध्ये त्यांचं नाव मिळालं. प्रीमियरची पद्मिनी टॅक्सी म्हणून मुंबईत धावत राहिली आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेली.

मग त्यांच्या हातात शेवटी काय राहिलं? मला हा प्रश्न आपल्यासाठी जास्त महत्त्वाचा वाटतो. आपल्या जिल्ह्यांतून कोळसा जातो, सागवान जातं, सुरजागडचं लोखंडाचं खनिज जातं. आणि फायनल इयर झालं की आपणही जातो, पुण्याला किंवा बंगळूरला. त्यात चूक काही नाही, घरच्यांनी फी भरलेली असते, नोकरी तर हवीच. पण माल इथून जातो आणि मशीन बाहेरून येतं, हे १९१९ मध्ये एका डिग्री नसलेल्या माणसाला खटकलं होतं. आपल्याला डिग्री मिळणार आहे, मग आपल्याला ते खटकायला काय हरकत आहे?

पुढच्या वेळी बल्लारपूर रोडवरच्या एखाद्या गॅरेजसमोर जुनी आर्मीची गाडी उघडून ठेवलेली दिसली, तर मित्रांनो, दोन मिनिटं थांबा. मिस्त्रींना विचारा, हे कसं जुळवलं काका? आणि वहीत त्याचं ड्रॉइंग काढून घ्या. सबमिशनसाठी नाही, स्वतःसाठी.