श्वासाचा नाद ओळखणारे डॉ. लाएनेक

ग्वाल्हेर ही तानसेनाची नगरी. गवयाच्या दमसासाचे मोल येथील मुलांना वेगळे सांगावयास नको. परंतु ज्याचे फुप्फुसच पुरते फुलत नाही, त्याची व्यथा कोणी जाणावी? ती जाणणाऱ्यांत रेने लाएनेक यांचे नाव अग्रभागी आहे.

फ्रान्समधील कँपेर गावी १७ फेब्रुवारी १७८१ रोजी त्यांचा जन्म झाला. बालपणीच मातृछत्र हरपले. नांत येथील वैद्य असलेल्या काकांपाशी त्यांना वैद्यकाची गोडी लागली. १८०१ मध्ये ते पॅरिसला गेले. ते बासरीही वाजवीत.

१८१६ साली हृदयविकाराची एक तरुणी त्यांच्याकडे आली. तिच्या छातीस कान लावणे प्रशस्त नव्हते. त्यांनी कागदांची घट्ट गुंडाळी करून तिच्यातून ऐकले, तो हृदयाचे ठोके कधी नव्हे इतके स्पष्ट ऐकू आले! त्यातूनच लाकडी नळीचा स्टेथॉस्कोप जन्मास आला. १८१९ मध्ये त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला.

फुप्फुसाभोवती पातळ दुपदरी आवरण असते. ते सुजले की पदरांमध्ये पाणी साचते. तेथे श्वासाचा नाद मंदावतो. पाणी ओसरल्यावरही कधीकधी फुप्फुसावर चिवट साल धरते. मग ते फुलत नाही आणि छातीची ती बाजू आत ओढली जाते. ही आकसलेली छाती लाएनेक यांनी बारकाईने वर्णिली. आज सुईने पाणी काढून क्ष-किरणांनी फुप्फुस फुलले की नाही हे पाहतात. न फुलल्यास रोग्याची शक्ती पाहून नळी ठेवतात किंवा शस्त्रक्रियेने ती साल काढतात.

दैवाचा खेळ असा, की क्षयाने त्यांनाच गाठले. ग्रंथाची दुसरी आवृत्ती सिद्ध करताना प्रकृती पार खालावली. पुतण्या मेरियादेक याने त्याच नळीने त्यांची छाती तपासली. त्यांनीच जगाला शिकविलेल्या खुणा तेथे ऐकू आल्या. १३ ऑगस्ट १८२६ रोजी, अवघ्या पंचेचाळिसाव्या वर्षी, त्यांची प्राणज्योत मालवली. आपला स्टेथॉस्कोप त्यांनी पुतण्याच्या स्वाधीन केला होता.

विद्यार्थिमित्रांनो, क्षयावर तेव्हा औषध नव्हते, आज आहे. म्हणून श्वास घेताना बरगडीत कळ आली, ताप वा खोकला रेंगाळला, तर ते घरी लपवू नका. डॉक्टरांना छाती दाखवा. वेळीच ऐकलेला नाद प्राण वाचवितो.