गोळेश्वरचे खाशाबा आणि आपली धाव

आजचे वाचन : १ करिंथ ९:२४-२७, इब्री १२:१-३, १ योहान २:१



पौल प्रेषित करिंथ शहरात दीड वर्ष राहिला (प्रेषितांची कृत्ये १८:११). या शहराजवळ दर दोन वर्षांनी मोठे खेळ भरायचे. धावणारे, मल्ल, मुष्टियोद्धे तिथे उतरायचे आणि जिंकणाऱ्याला पानांचा मुगुट मिळायचा. चार दिवसांत वाळून जाणारा. त्यामुळे पौलाने शर्यतीचा विषय काढला की करिंथकरांना जास्त समजावून सांगावं लागत नसे. आजच्या वचनात तो आधी धावण्याबद्दल बोलतो आणि लगेच मुष्टियुद्धाकडे वळतो. त्याच्या दृष्टीने शिकवण एकच आहे.

म्हणून आज आपल्याच मातीतल्या एका खेळाडूच्या आयुष्याकडे पाहू या. ते ख्रिस्ती नव्हते आणि त्यांना तसं दाखवायचंही नाही. पण पौलाने करिंथच्या मैदानावरून जसं शिकवलं, तसं आपल्यालाही कृष्णाकाठच्या आखाड्यातून शिकता येईल. कराडपासून सांगलीपर्यंत ज्यांचं बालपण गेलंय, त्यांना तालीम म्हणजे काय हे सांगायला नको!

सराव रोजचा असतो

खाशाबा दादासाहेब जाधव यांचा जन्म १५ जानेवारी १९२६ रोजी सातारा जिल्ह्यात, कराडजवळच्या गोळेश्वर गावात झाला. वडील दादासाहेब स्वतः पैलवान. लहानपणी खाशाबा पळायचे, पोहायचे, वजनं उचलायचे. पण वडिलांनी त्यांना कुस्तीची दीक्षा दिली आणि मग तीच त्यांची वाट झाली. कराडच्या टिळक हायस्कूलमध्ये शाळा झाली, पुढे कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात शिक्षण.

१९४८ साली कोल्हापूरच्या महाराजांनी खर्च उचलला आणि खाशाबा लंडन ऑलिंपिकला गेले. तिथे कुस्ती गादीवर होती, नियम वेगळे होते. लाल मातीत घडलेल्या बावीस वर्षांच्या पोराला हे सगळं नवं होतं. तरीही जगात सहावा नंबर आला. तेवढ्यावर थांबले असते तरी कोणी नावं ठेवली नसती. पण परत आल्यावर त्यांनी आणखी कसून मेहनत घेतली. पुढची चार वर्षं.

आपलं कसं असतं? जिमची स्ट्रीक तुटली की आपल्याला चुटपुट लागते, पण बायबल वाचन आठ दिवस राहिलं तर लक्षातही येत नाही. रविवारी उपासनेला जाऊन आलं की आठवड्याचा हिशोब पूर्ण झाला असं वाटतं. पौल म्हणतो की खेळाडू सर्व बाबतीत संयम पाळतो. यात झोप आली, मोबाइल आला, जीभही आली. पहाटेची प्रार्थना एका दिवसात जमत नाही. तालमीतले जोरसुद्धा पहिल्याच दिवशी शंभर निघत नाहीत.

एकट्याने कोणी पोहोचत नाही

१९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकची वाट सरळ नव्हती. निवडीच्या वेळी आपल्यावर अन्याय झाला असं खाशाबांना वाटलं, तेव्हा त्यांनी पतियाळाच्या महाराजांकडे दाद मागितली. पुन्हा कुस्ती झाली आणि खाशाबा जिंकले. मग प्रश्न आला पैशांचा. जायला भाडं नव्हतं! गोळेश्वरच्या आणि आसपासच्या लोकांनी वर्गणी गोळा केली. ती पुरेना, तेव्हा राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण ठेवून ७,००० रुपये उभे केले.

विचार करा. घर गहाण! पदक मिळेल की नाही याची कसलीही खात्री नसताना.

इब्री १२ मध्ये साक्षीदारांच्या मेघाबद्दल वाचताना आपण ते फार लांबचे लोक समजतो. अब्राहाम, मोशे, दावीद. पण तुमच्या विश्वासाच्या धावेसाठी कोणीतरी काहीतरी गहाण ठेवलंय. आजीने गुडघे टेकून रात्री घालवल्यात. संडेस्कूलच्या बाईंनी सुट्टीचे रविवार दिलेत. पाळकांनी तुमचं नाव घेऊन उपास केलेत. पुण्या-मुंबईत पीजीच्या खोलीत एकटं वाटतं तेव्हा हे आठवा. तुम्ही दिसता एकटे, पण तुमच्या मागे बरेच लोक उभे आहेत.

जेव्हा बाजूने बोलणारं कोणी नसतं

हेलसिंकीत खाशाबा बँटमवेट गटात उतरले. कॅनडाच्या मल्लाला हरवलं, मेक्सिकोच्या मल्लालाही हरवलं. मग समोर आले जपानचे शोहाची इशी, ज्यांनी पुढे सुवर्णपदक घेतलं. लांबलेली, दमवून टाकणारी कुस्ती झाली आणि खाशाबा हरले. त्यानंतर लगेचच त्यांना सोव्हिएत युनियनच्या रशीद मामेदबेकोव्ह यांच्याशी लढायला बोलावलं गेलं. दोन कुस्त्यांमध्ये किमान अर्ध्या तासाची विश्रांती मिळायला हवी, असा नियम होता. पण तो नियम दाखवून खाशाबांची बाजू मांडायला एकही भारतीय अधिकारी तिथे हजर नव्हता. थकलेले खाशाबा तसेच उतरले आणि हरले. कांस्यपदक मिळालं. स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक!

या प्रसंगाशी मी नेहमी थांबते. नियम त्यांच्या बाजूचा होता, फक्त बोलणारा माणूस नव्हता.

१ योहान २:१ मध्ये येशूला आपला कैवारी म्हटलंय. कैवारी म्हणजे आपली बाजू घेऊन उभा राहणारा. आणि इथेच आपली गोष्ट खाशाबांपेक्षा वेगळी होते. त्यांची काहीच चूक नव्हती आणि त्यांना कैवारी मिळाला नाही. आपली चूक असते, आपण पाप केलेलं असतं, नियम आपल्या विरुद्ध असतो, तरीही पित्याजवळ आपला कैवारी हजर आहे. तो जागा सोडून कुठे गेलेला नाही. दोष देणारा रात्रंदिवस दोष देतो (प्रकटी १२:१०), आणि रात्री दोन वाजता झोप उडाल्यावर त्याचाच आवाज मोठा वाटतो. तू पुन्हा पडलास, आता कशाला उठतोस, असं तो म्हणत राहतो. अशा वेळी स्वतःची वकिली स्वतः करू नका. येशूला हाक मारा. इब्रीचा लेखकही आपल्याला धावताना स्वतःच्या पायांकडे बघायला सांगत नाही, येशूकडे बघायला सांगतो.

वाळणारा मुगुट आणि न वाळणारा

पदक घेऊन खाशाबा परतले तेव्हा शंभराहून जास्त बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. हार-गुलाल झाला. पण त्यानंतर खाशाबांनी काय केलं ते मला जास्त आवडतं. त्यांनी कुस्त्या भरवल्या, स्वतः लढले आणि आलेल्या पैशातून खर्डेकर सरांचं घर सोडवलं. ज्यांनी आपल्याला उभं केलं त्यांना ते विसरले नाहीत.

१९५५ मध्ये ते पोलिस खात्यात उपनिरीक्षक झाले. सहायक पोलिस आयुक्त म्हणून निवृत्त झाले. निवृत्तिवेतनासाठीही त्यांना झगडावं लागलं. १९८२ च्या दिल्ली आशियाई खेळांच्या वेळी मशाल घेऊन धावण्याचा मान त्यांना मिळाला. १४ ऑगस्ट १९८४ रोजी रस्त्यावरच्या अपघातात ते गेले. अर्जुन पुरस्कार जाहीर झाला तो मरणानंतर, २००० सालासाठी. आता महाराष्ट्रात त्यांचा जन्मदिवस राज्य क्रीडा दिन म्हणून पाळतात.

माणसं उशिरा आठवण ठेवतात, कधी ठेवतही नाहीत. मंडळीत खुर्च्या लावणाऱ्याचा फोटो कोणी टाकत नाही. आजारी सासऱ्यांची सेवा करणाऱ्या सुनेला स्टेजवर बोलावत नाहीत. पौलाला हे माहीत होतं, म्हणून त्याने न वाळणाऱ्या मुगुटाकडे बोट दाखवलं. आपला प्रभू नावं विसरत नाही, आणि त्याचं बक्षीस मरणानंतर आलं तरी उशिरा आलं असं होत नाही.

आजसाठी

१. तुमच्या विश्वासासाठी ज्यांनी किंमत मोजली अशा एका व्यक्तीला आज फोन करा.
२. ऑफिसात, कॉलेजात, घरात कोणाची बाजू घ्यायला कोणीच नाही? तिथे तुम्ही बोला. ज्याला कैवारी मिळाला, त्याने दुसऱ्यासाठी गप्प बसू नये.

प्रार्थना

प्रभू येशू, तू माझ्या बाजूने उभा आहेस म्हणून तुझे आभार मानतो. मी दमलोय हे तुला माहीत आहे. रोजच्या सरावात मला टिकव, ज्यांनी मला इथवर आणलं त्यांना आशीर्वाद दे, आणि कोणी बघत नसतानाही शेवटपर्यंत धावायला मला बळ दे. तुझ्याच नावाने मागतो. आमेन.