कापसाच्या दारात गिरणी नेणारा माणूस : जमशेदजी टाटा आणि नागपूरची एम्प्रेस मिल

नागपूर : आज जुम्मा तलावाला, म्हणजे गांधीसागरला लागून मोठा मॉल दिसतो. तिथंच एकेकाळी एम्प्रेस मिलचा भोंगा वाजायचा. ही गिरणी उभी केली जमशेदजी नसरवानजी टाटा यांनी.

जमशेदजींचा जन्म ३ मार्च १८३९ चा, गुजरातेतल्या नवसारीचा. मुंबईत चिंचपोकळीची एक बंद पडलेली तेलगिरणी घेऊन त्यांनी तिची कापडगिरणी केली आणि दोनेक वर्षांत नफ्यात विकली. मग इंग्लंडात लँकेशायरला जाऊन धंदा नीट पाहून आले.

त्या काळी गिरणी म्हटली की मुंबईच. जमशेदजींनी हिशेब उलटा मांडला. कापूस वर्धा, हिंगणघाटकडं पिकतो. तो मुंबईला न्यायचा, तिथं कापड विणायचं आणि तेच कापड परत इकडं विकायला आणायचं. यात भाडं दुहेरी आणि दिवसही दुप्पट. माल जितके दिवस वाटेत, तितके दिवस पैसा अडकलेला. नागपूरला कापूस जवळ, वरोऱ्याचा कोळसा जवळ, रेल्वे १८६७ लाच आलेली आणि गिऱ्हाईकही आजूबाजूलाच.

१८७४ मध्ये १५ लाख रुपये भांडवलाची कंपनी निघाली. जागा मिळाली ती दलदलीची. भराव टाकताना पाहून एका सावकारानं हा माणूस जमिनीत सोनं पुरतोय म्हणून पैसे द्यायला नकार दिला, असं सांगतात. पुढं त्यालाच आपलं चुकलं असं म्हणावं लागलं. १ जानेवारी १८७७ ला गिरणी सुरू झाली. त्याच दिवशी व्हिक्टोरिया राणी हिंदुस्थानची सम्राज्ञी जाहीर झाली, म्हणून नाव एम्प्रेस.

सुरुवात मात्र सोपी नव्हती. पहिली यंत्रं स्वस्तातली निघाली. सूत खराब, उत्पादन कमी. गिरणीची ताकद कागदावर मोठी आणि हातात येणारा माल थोडा. जमशेदजींनी त्यातच ठिगळं लावत बसण्यापेक्षा चांगली यंत्रं आणली.

व्यवस्थापक म्हणून त्यांनी बेझनजी मेहता यांना नेमलं. हे रेल्वेच्या मालखात्यातले. सुताचा अनुभव शून्य, पण माल कुठून कुठं, किती दिवसांत जातो हे पक्कं ठाऊक. गिरणीला तेच हवं होतं. कापूस वर्षातून एकदाच येतो आणि गिरणी बारा महिने चालते. साठा कमी पडला तर यंत्रं थांबतात, जास्त केला तर पैसा गोदामात पडून राहतो. हा तोल सांभाळणं हीच खरी कारभाराची कसोटी. यंत्रांची बाजू जेम्स ब्रुक्सबी सांभाळत.

तेव्हा रिंग चात्या नवीन होत्या. लँकेशायरचे बडे कारखानदारही त्यांच्यावर विश्वास ठेवायला तयार नव्हते. जमशेदजींनी आधी थोड्या चात्या आणून चालवून पाहिल्या. त्याच जागेत, त्याच वेळात सूत जास्त निघतं हे दिसल्यावर मग पुढं वाढवल्या.

तरी एक अडचण उरलीच. माणसं रोज कामावर येत नव्हती. पेरणी आली, लग्न निघालं की माग बंद. जमशेदजींनी दंडाचा दांडका उगारला नाही. नियमित येणाऱ्यांना बक्षिसं दिली, आत हवा थंड व दमट राहावी म्हणून यंत्रं बसवली. १८८६ मध्ये पेन्शन फंड, १८९५ मध्ये अपघात भरपाई आणि १९०१ मध्ये भविष्य निर्वाह निधी सुरू झाला. कायद्यानं हे सगळं यायला पुढं कित्येक वर्षं लागली.

१९ मे १९०४ ला जर्मनीत जमशेदजी गेले. पुढच्या काळात गिरणी सरकारी महामंडळाकडं गेली आणि २००२ मध्ये कायमची बंद पडली. हजारो घरांची चूल तिच्यावर पेटली होती.

विदर्भात कापूस आजही पिकतो. पण बराचसा गाठी बांधून बाहेर जातो आणि कापड होऊन परत येतो. जमशेदजींनी दीडशे वर्षांपूर्वी जो दुहेरी फेरा मोडला होता, तो पुन्हा सुरू आहे.