दोन टबांचे भांडवल

अमेरिकेतील आयोवा राज्यात इंडियानोला नावाचे एक लहानसे गाव आहे. १८९० च्या सप्टेंबर महिन्यात त्या गावच्या सिंप्सन कॉलेजात एका नव्या विद्यार्थ्याने नाव घातले. इतर मुले ऐन तारुण्यात प्रवेश करणारी. हा मात्र पंचविशी ओलांडलेला. इतर मुले गोरी. हा कृष्णवर्णीय, उंच, किडकिडीत आणि आवाजाने अगदी बारीक. प्रवेशाचे शुल्क भरून तो कचेरीबाहेर आला, तेव्हा त्याच्या खिशात थोडेसे सेंट तेवढे उरले होते. शंभर सेंटांचा एक डॉलर होतो, हे ध्यानात घेतले म्हणजे त्याची श्रीमंती किती होती याची कल्पना येईल. त्या नाण्यांचे त्याने मक्याचे पीठ व थोडी चरबी विकत घेतली आणि तेवढ्यावर एक आठवडा काढला.

या विद्यार्थ्याचे नाव जॉर्ज कार्व्हर. पुढे जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर म्हणून सारे जग ज्यांना ओळखू लागले, तेच हे कृषिशास्त्रज्ञ.

जॉर्जचा जन्म मिसुरी राज्यातील डायमंड ग्रोव्ह या खेड्याजवळ सुमारे १८६४ साली झाला. नक्की तिथी सांगता येत नाही. कारण गुलामाच्या पोटी आलेल्या मुलाची जन्मतिथी लिहून ठेवण्याची कोणास गरज वाटत नसे. त्याची आई मेरी ही मोझेस कार्व्हर नावाच्या शेतकऱ्याची गुलाम होती. त्या वेळी अमेरिकेत यादवी युद्ध चालू होते आणि लुटारूंच्या टोळ्या गुलामांना पळवून नेऊन विकीत असत. अशाच एका टोळीने एका रात्री मेरीला आणि तिच्या तान्ह्या मुलाला पळविले. मोझेसने शोधासाठी एक माणूस पाठविला. त्याला मूल सापडले. आई सापडली नाही ती कायमचीच. मूल परत आणून देणाऱ्यास मोझेसने आपला एक घोडा बक्षीस दिला.

मोझेस व त्याची पत्नी सुसान यांना मूलबाळ नव्हते. गुलामगिरी संपल्यावर त्यांनी जॉर्जला आणि त्याचा थोरला भाऊ जिम याला आपल्याच घरी वाढविले. जिम धट्टाकट्टा होता. तो शेतात राबे. जॉर्ज मात्र सदा आजारी. त्याच्याच्याने नांगर धरवणे शक्य नव्हते, म्हणून सुसानबाईंनी त्याला घरकामास लावले. स्वयंपाक, धुणे, इस्त्री, विणकाम, शिवणकाम ही सारी कामे तो तिच्या हाताखाली शिकला. मुलाने बायकांची कामे करावी याचे आजही काहींना हसू येते. पण याच कामांनी पुढे जॉर्जचे शुल्क भरले, हे हसणाऱ्यांनी विसरू नये.

गावातील शाळा गोऱ्या मुलांसाठी होती. कृष्णवर्णीय मुलांसाठी असलेली शाळा नियोशो या गावी, सुमारे आठ मैलांवर. साधारण बारा-तेरा वर्षांचा असताना जॉर्ज एकटाच तिकडे चालत गेला. रात्री तो एका गोठ्यात निजला आणि सकाळी जवळच्या एका परसात लाकडांच्या ढिगावर जाऊन बसला. ते परस मरायाह वॉटकिन्स या बाईचे होते. ती सुईणीचे काम करी आणि लोकांची धुणीही धुई. तिने मुलाला घरात घेतले, पण फुकट नव्हे, कामाच्या मोबदल्यात. शाळा कुंपणापलीकडेच होती. मधली सुट्टी झाली की जॉर्ज कुंपणावरून उडी मारून घरी येई, टबात हात घालून कपडे घाशी आणि घंटा वाजली की पुन्हा वर्गात जाऊन बसे. आतापर्यंत लोक त्याला कार्व्हरचा जॉर्ज म्हणत. तू कोणाच्या मालकीचा नाहीस, तेव्हा यापुढे जॉर्ज कार्व्हर असे नाव सांगत जा, असे मरायाहबाईंनीच त्याला बजावले. जेवढे शिकता येईल तेवढे शीक आणि ते आपल्या लोकांना परत दे, हेही तिचेच सांगणे.

नियोशोच्या शाळामास्तरांना जेवढे येत होते, तेवढे जॉर्जचे लवकरच शिकून झाले. मग त्याची भटकंती सुरू झाली. आपल्याकडे पूर्वी गरीब विद्यार्थी वार लावून जेवत, माधुकरी मागत आणि विद्या संपादन करीत. जॉर्जला असा कोणताच आधार नव्हता. कान्सास राज्यातील एका गावाहून दुसऱ्या गावी जावे, कोणाच्या घरी स्वयंपाक करावा, कोणाचे धुणे धुवावे, थोडे पैसे साठले की शाळेत बसावे आणि पैसे सरले की पुन्हा कामास लागावे, असा त्याचा क्रम होता. फोर्ट स्कॉट या गावी १८७९ साली गोऱ्या जमावाने एका कृष्णवर्णीय माणसाला ठार मारलेले त्याने डोळ्यांनी पाहिले. ते गाव त्याने लगेच सोडले. ते दृश्य मात्र त्याच्या मनातून आयुष्यभर गेले नाही.

मिनीआपोलिस नावाच्या कान्सासमधील एका गावी तो काही वर्षे स्थिरावला. तेथे त्याने एका खोपटात स्वतःचा धुलाईचा धंदा मांडला आणि हायस्कूलचा अभ्यास केला. त्या गावी दुसराही एक जॉर्ज कार्व्हर राहत असे व पत्रांची अदलाबदल होई. म्हणून याने आपल्या नावात एक अक्षर घातले. त्या अक्षराचेच पुढे वॉशिंग्टन झाले.

मग कॉलेजात जावे असे त्याच्या मनाने घेतले. हायलंड येथील कॉलेजाला त्याने अर्ज पाठविला. अर्ज मंजूर झाल्याचे उत्तर आले. १८८५ साली जॉर्ज मोठ्या आशेने हायलंडला गेला. कॉलेजच्या प्रमुखांनी त्याच्याकडे एकवार पाहिले आणि कृष्णवर्णीयांना येथे प्रवेश मिळत नाही असे सांगून त्याला परत पाठविले. अर्जावर त्याचे गुण दिसत होते, कातडीचा रंग दिसत नव्हता, एवढाच काय तो घोटाळा! इतकी वर्षे धुणी धुऊन जमविलेले पैसे या खटपटीत संपले होते.

यानंतरची पाच वर्षे कॉलेजचे नाव त्याने काढले नाही. तो निराश झाला होता, हे लपविण्याचे कारण नाही. कान्सासच्या उजाड माळावर सरकारी जमीन घेऊन त्याने गवताच्या ढेपांचे घर बांधले आणि सतरा एकर नांगरून शेती करून पाहिली. पण पाऊस बेभरवशाचा आणि हिवाळा जीवघेणा. अखेर ती जमीन सोडून तो आयोवातील विंटरसेट या गावी गेला आणि एका हॉटेलात स्वयंपाकी झाला. तेथील चर्चमध्ये त्याचे गाणे ऐकून मिलहोलंड नावाच्या डॉक्टरांनी व त्यांच्या पत्नीने त्याची विचारपूस केली. त्याने कॉलेजचे नाव पुन्हा काढावे म्हणून ती दोघे त्याच्या मागेच लागली. सिंप्सन कॉलेजात माणसाचा रंग पाहत नाहीत, अशी त्यांनी खात्री दिली. एकदा हात पोळलेला जॉर्ज पुष्कळ दिवस का कू करीत होता; शेवटी गेला.

आता आपण पुन्हा त्या मक्याच्या पिठाच्या आठवड्याकडे येऊ. कॉलेजच्या आवाराजवळ एक पडके खोपट होते. तेथे राहण्याची परवानगी त्याने मिळविली. गावच्या दुकानदाराकडून दोन टब, कपडे घासण्याची फळी आणि साबण ही सामग्री त्याने उधारीवर आणली. हेच त्याचे भांडवल. पण खोपटात धुणी धुऊन देणारा कोणी आला आहे, हे गावाला ठाऊक कसे व्हावे? ते कळण्यास एक आठवडा लागला आणि तोच आठवडा त्याने जवळजवळ उपाशी काढला. कोणापुढे हात पसरला नाही. मग मुले कपड्यांची गाठोडी घेऊन येऊ लागली. जॉर्ज कपडे घाशी, खळ देई, इस्त्री करी. आणि मुले बसून त्याच्या भटकंतीच्या गोष्टी ऐकत. बसावयास खुर्ची नसे, तेव्हा खोकीच उपयोगी पडत. एके दिवशी तो वर्गातून परत येऊन पाहतो, तो खोपटात नवी टेबलखुर्ची! कोणी आणली म्हणून विचारावे, तर जो तो कानांवर हात ठेवी. दाराच्या फटीतून कोणी नाणे सरकवून जाई, कोणी गाण्याच्या कार्यक्रमाचे तिकीट. देणाऱ्याचे नाव कळले तर हा परत करील, हे त्या मुलांनी ओळखले होते.

सिंप्सनमध्ये जॉर्ज चित्रकला शिकत होता. फुलांची चित्रे तो अप्रतिम काढी. त्याच्या शिक्षिका एटा बड यांना त्याचे कौतुक होते, पण काळजीही वाटे. त्या काळात कृष्णवर्णीय चित्रकाराची चित्रे घेऊन त्याचा चरितार्थ कोण चालविणार? त्याला झाडांचे वेड आहे, कलमे करण्यात त्याचा हात चांगला बसला आहे, हे त्यांनी पाहिले होते. त्यांचे वडील एम्स येथील कृषी महाविद्यालयात फळबागशास्त्राचे प्राध्यापक होते. तू तिकडे जा, असे त्यांनी सुचविले. रंगांचा लळा सोडावयाचा, हे जॉर्जला फार जड गेले. परंतु शेतीचे ज्ञान आपल्या दरिद्री बांधवांच्या उपयोगी पडेल, चित्रे पडणार नाहीत, असा त्याने मनाशी निर्णय केला आणि १८९१ साली तो एम्सला गेला. त्या महाविद्यालयातील तो पहिला कृष्णवर्णीय विद्यार्थी.

पहिल्याच दिवशी भोजनगृहात त्याला इतर मुलांबरोबर बसू दिले नाही. खाली तळघरात नोकरांच्या पंगतीला बसविले. ही गोष्ट इंडियानोलाच्या लिस्टन नावाच्या बाईंना पत्राने कळली. त्या आपला उत्तम पोशाख करून एम्सला आल्या, दिवसभर जॉर्जबरोबर आवारात हिंडल्या आणि तळघरात त्याच्या शेजारी बसून जेवल्या. त्यांनी भांडण काही केले नाही, पण त्यानंतर लोकांची वागणूक पालटू लागली. राहण्यासाठी एका प्राध्यापकांनी आपली जुनी कचेरी मोकळी करून दिली.

पैशाचा प्रश्न येथेही होताच. जॉर्ज भोजनगृहात वाढप्याचे काम करी, इमारतीची झाडलोट करी, काचगृहातील रोपांची निगा राखी. फुटबॉलच्या खेळाडूंचे दुखरे अंग रगडून देण्याचेही काम त्याने पत्करले होते आणि त्यात त्याच्या लांबसडक बोटांची ख्याती झाली होती. १८९२ च्या डिसेंबरात सीडार रॅपिड्स येथे चित्रांचे प्रदर्शन भरावयाचे होते. प्रवासास पैसे नाहीत आणि अंगावर धड कपडे नाहीत, म्हणून जॉर्जने जाण्याचा विचार सोडून दिला. तो कामात असता काही मुले आली, त्यांनी त्याला धरून तयार कपड्यांच्या दुकानात नेले, अंगावर नवा सूट चढविला आणि हाती आगगाडीचे तिकीट ठेवले. वर्गणी आधीच गोळा झाली होती. प्राध्यापकही त्या कटात सामील होते. या प्रदर्शनातून त्याचे युका व निवडुंगाचे चित्र १८९३ च्या शिकागो येथील जागतिक प्रदर्शनासाठी निवडले गेले आणि तेथे त्याचा गौरवाने उल्लेख झाला.

१८९४ साली जॉर्ज पदवीधर झाला आणि १८९६ साली त्याने एम. एस. ची पदवी मिळविली. आता तो महाविद्यालयाच्या शिक्षकवर्गात होता. काचगृह त्याच्या ताब्यात होते. एका प्राध्यापकांचा लहान मुलगा रानात वनस्पती पाहण्यासाठी त्याच्याबरोबर हिंडे. तो मुलगा, हेन्री वॉलेस, पुढे १९४१ साली अमेरिकेचा उपराष्ट्राध्यक्ष झाला.

अशा सुखाच्या दिवसांत अलाबामा राज्यातील टस्कीगी संस्थेचे संस्थापक बुकर वॉशिंग्टन यांचे बोलावणे आले. वॉशिंग्टन हेही गुलामगिरीत जन्मलेले आणि हॅम्प्टन येथे झाडूवाल्याचे काम करून शिकलेले. त्यांच्या संस्थेत विद्यार्थी स्वतः विटा पाडून स्वतःच्या वर्गांच्या भिंती उभारीत. पगार वर्षाला हजार डॉलर. कार्व्हर १८९६ साली तिकडे गेले आणि जन्मभर तेथेच राहिले.

तेथे प्रयोगशाळा नव्हती. त्यांनी विद्यार्थ्यांना घेऊन उकिरडे धुंडाळले. फुटक्या बाटल्या, डबे, जुनी भांडी गोळा केली आणि त्यांतून उपकरणे बनविली. सतत कापूस पेरून तेथील जमिनी निकस झाल्या होत्या. चवळी, भुईमूग अशी पिके घेतली असता जमिनीचा कस सुधारतो, हे त्यांनी शेतकऱ्यांस पटविले. १९०६ साली घोड्याची एक गाडी अवजारांनी भरून शेतकऱ्यांच्या दारी नेण्याची व्यवस्था त्यांनी केली. पिकलेल्या भुईमुगाचे करावयाचे काय, हा प्रश्न पुढे आला, तेव्हा १९१६ साली त्यांनी भुईमुगाचे १०५ पदार्थ सांगणारी पत्रिका छापली. शेंगदाण्याचे लोणी त्यांनीच शोधून काढले असे पुष्कळ जण समजतात. ते खरे नाही. पण गरिबाच्या चुलीपर्यंत शास्त्र नेण्याचे काम त्यांनी केले, हे निःसंशय खरे.

पगारवाढ त्यांनी मागितली नाही. लग्न केले नाही. संस्थेच्या वसतिगृहातील खोल्यांत ते राहिले आणि जुन्या कोटाच्या बटणपट्टीत रोज एक ताजे फूल खोवीत राहिले. आयुष्याच्या अखेरीस त्यांनी आपली जवळजवळ सारी शिल्लक, सुमारे साठ हजार डॉलर, टस्कीगी येथे तरुणांनी संशोधन करावे म्हणून काढलेल्या निधीस दिली. ५ जानेवारी १९४३ रोजी त्यांचा देहान्त झाला. बुकर वॉशिंग्टन यांच्या समाधीशेजारीच त्यांना पुरण्यात आले.