मक्याच्या प्रश्नाला नापास, मातीच्या घरात पास

घर बांधायचे मनात आले की आज आपल्यापुढे दोन-तीन वाटा असतात. जुने माळवद उतरवून स्लॅब टाकायचा, नाहीतर चार अँगल रोवून पत्रे ठोकायचे. आता तर कारखान्यात ओतलेल्या तयार भिंतीही ट्रकवर घालून येतात आणि बघता बघता घर उभे राहते. घाईच्या माणसाला ते बरे वाटते. पण मे महिन्यातल्या दुपारी त्या घरात बसवेल का, हे विचारायचे राहून जाते. हाच प्रश्न थर्मामीटर लावून तपासणारे एक वास्तुशिल्पी इजिप्तमध्ये होऊन गेले. त्यांचे नाव हसन फाथी.

फाथींचा जन्म २३ मार्च १९०० रोजी अलेक्झांड्रिया शहरात झाला. घरची जमीन भरपूर, पण वडील शेताकडे फिरकत नसत. शेत म्हणजे माश्या, डास आणि घाण पाणी, असा त्यांचा समज. आईला मात्र खेड्याची फार ओढ. तिच्या तोंडून शेतावरच्या गोष्टी ऐकून पोराने शेतकी शिकायचे ठरवले. प्रवेशाच्या वेळी त्याला मका किती दिवसांत तयार होतो असे विचारले. याने सहा महिने सांगितले! तुम्ही हसाल, पण त्याने तोवर शेत धड पाहिलेले नव्हते. शेतकीचे दार बंद झाले म्हणून तो वास्तुशिल्पाकडे वळला आणि १९२६ साली पदवीधर झाला. आमच्या शेतकी खात्याच्या दृष्टीने तोटा झाला खरा, पण बांधकामाचा फायदा झाला.

पुढे फाथी घरच्या शेतावर गेले आणि तिथली मजुरांची खुराडी पाहून हबकले. या माणसांना चांगले घर कशाचे द्यायचे? सिमेंट, लोखंड, लाकूड सगळे विकतचे, आणि विकतचे म्हटले की गरिबाच्या आवाक्याबाहेर. पायाखालची माती मात्र फुकट. इजिप्तच्या शेतकऱ्याची भिंत पूर्वापार कच्च्या विटेचीच होती. अडत होते ते छपराला. आपल्याकडे खण-तुळया-किलचणाला जसे लाकूड लागते, तसे तिथेही लागे. त्यात दुसरे महायुद्ध पेटले आणि बाहेरून येणारे लाकूड-लोखंड थांबले.

१९४१ च्या सुमारास कैरोजवळ बहतीम येथे शेतकी संस्थेच्या फार्मवर फाथींना घरे बांधायची होती. छप्परही मातीचेच, कमानीसारखे बांधू, असा त्यांनी बेत केला. पण खाली आधार न देता बांधलेल्या कमानी कोसळल्या. आधार द्यावा तर सेंट्रिंगला पुन्हा लाकूड. तेवढ्यात अस्वान धरणाच्या कामावर असलेल्या भावाकडून कळले, की तिकडचे नुबियन लोक आधाराशिवाय मातीची छपरे करतात. फाथी लगोलग अस्वानला गेले. गावच्या गाव कमानी छपरांचे होते, आणि ती साध्या गवंड्यांनी बांधलेली होती.

ही रीत समजून घेण्यासारखी आहे. खोलीची मागची भिंत आधी उंच चढवतात. तिच्यावर गवंडी ओल्या मातीने कमानीचा आकार काढतो, तोही नुसत्या नजरेने. छपराची वीट पातळ आणि हलकी, तिच्यात काड जास्त. वीट पाडतानाच तिच्यावर बोटांनी तिरक्या रेघा ओढतात, म्हणजे ती गाऱ्याला घट्ट धरते. विटांचा पहिला थर मागच्या भिंतीवर रेलून लावायचा, दुसरा पहिल्यावर रेललेला, असे पुढे सरकत यायचे. प्रत्येक थर मागच्यावर टेकलेला असतो, म्हणून खाली आधार लागत नाही. तीन मीटर रुंद नि चार मीटर लांब खोलीवर छप्पर घालायला दोन गवंड्यांना सुमारे दीड दिवस लागे. आणि हे टिकते का? लक्सरला रामसेस राजाच्या मंदिरामागे अशाच कच्च्या विटांची धान्याची कोठारे तीन हजारांहून जास्त वर्षे उभी आहेत. अर्थात तिकडे पाऊस जवळजवळ नाही, हे आपण विसरायचे नाही. फाथींनी अस्वानचे गवंडी बहतीमला आणले आणि घरे पुरी केली.

१९४५ मध्ये मोठे काम आले. लक्सरजवळ गुर्ना नावाचे गाव पुरातन थडग्यांवरच वसलेले. घराखाली उकरायचे, सापडेल ते विकायचे, हा अनेकांचा धंदा. सरकारने हे सुमारे सात हजार लोक उठवून खाली शेतजमिनीत नवे गाव वसवायचे ठरवले आणि काम फाथींवर सोपवले. त्यांनी मशीद, बाजार, शाळा, नाट्यगृह आणि अंगणाची घरे आखली. एकासारखे एक घर त्यांना नको होते, प्रत्येक कुटुंबाची गरज पाहून नकाशा करायचा होता. गावकऱ्यांनी सावडीने एकमेकांची घरे बांधावीत, अशीही त्यांची इच्छा होती.

पण लोकच तयार नव्हते. पोटाचा धंदा वरच्या डोंगरात, मग खाली कोण येणार? गावकऱ्यांना घुमटाचे छप्पर म्हणजे कबर वाटे, असेही सांगतात. बांध फोडून नव्या गावात पाणी सोडण्यापर्यंत मजल गेली. वर सरकारी मंजुरीचे कागद. ते कसे फिरतात, हे तुम्हाला मी काय सांगू! तीन हंगामांनंतर १९४८ च्या सुमारास काम थांबले, तेव्हा आखलेल्या गावाचा सुमारे पाचवा हिस्साच झाला होता. फाथींनी याबद्दल खात्यांना बराच दोष दिला, तो खराही असेल. पण मला वाटते, ज्याला जागा सोडायचीच नाही त्याला घर कितीही चांगले दिले तरी तो येणार नाही. बियाण्याचे नवे वाण घेऊन गावोगाव फिरणाऱ्या आमच्यासारख्यांना हे लवकर पटते.

१९५७ नंतर काही वर्षे ते ग्रीसमध्ये काम करून परतले, आणि १९६४ च्या मार्चमध्ये तो प्रयोग झाला. कैरोच्या बांधकाम संशोधन केंद्राच्या आवारात लहान लहान नमुन्याच्या खोल्या उभारल्या. एकीच्या भिंती आणि छप्पर कच्च्या विटांचे, ५० सेंटीमीटर जाड. दुसरी तयार काँक्रीट पट्ट्यांची, १० सेंटीमीटर जाड. रात्रंदिवस नोंदी घेतल्या. मातीच्या खोलीत चोवीस तासांत पारा २१ ते २३ अंशांतच राहिला. तयार भिंतींच्या खोलीत तो ३६ अंशांवर गेला, म्हणजे बाहेरच्या हवेपेक्षाही ९ अंश जास्त! मार्चमध्ये ही गत, तर पुढच्या उन्हाळ्यात काय होईल, याचा अंदाज तुम्हीच करा.

म्हणून सगळ्याच तयार भिंती वाईट ठरत नाहीत. आता मध्ये उष्णतारोधक थर भरलेल्या पट्ट्याही मिळतात. विक्रेत्याला भिंतीत काय भरले आहे, छपराला काय आहे, हे विचारा, आणि भर दुपारी अशाच बांधलेल्या एखाद्या घरात तासभर बसून या. तसेच, माती थंड म्हणून जुने माळवद डोळे झाकून बांधू नका. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपात जाड दगड-मातीच्या भिंती आणि वरचा मातीचा भार अंगावर पडून हजारो माणसे गेली. मातीत बांधायचे तर लिंटेलला आणि छपराखाली सलग पट्टा हवा, छप्पर हलके हवे, आणि नकाशा जाणकार इंजिनिअरकडून तपासून घ्यायला हवा.

फाथींनी पुढे खार्गा ओअॅसिसमध्ये नवे बारिस हे गाव आखले. तिथल्या बाजाराला त्यांनी वारा पकडणारे उंच मनोरे ठेवले. त्यातून हवा खाली उतरे आणि भाजीपाल्याच्या कोठाराचे तापमान, विजेशिवाय, बाहेरच्यापेक्षा सुमारे १५ अंशांनी कमी राही. कांदा चाळीचा विचार करणाऱ्यांनी ही गोष्ट ध्यानात ठेवावी. १९६७ च्या युद्धामुळे ते कामही अर्धवट राहिले. गुर्न्याची सगळी कहाणी त्यांनी १९६९ साली पुस्तकात लिहिली, आणि १९७३ मध्ये ते अमेरिकेतून पुन्हा छापले गेल्यावर त्यांचे नाव जगभर झाले. १९८० मध्ये त्यांना राइट लाइव्हलीहूड पुरस्कार मिळाला. त्या पुरस्काराचे ते पहिलेच वर्ष होते.

कैरोच्या जुन्या वस्तीतल्या एका जुन्या वाड्यात ते राहत असत. ३० नोव्हेंबर १९८९ रोजी ते वारले. गुर्न्याच्या डोंगरावरची जुनी घरे सरकारने २००६ नंतर पाडली आणि लोकांना दुसरीकडे हलवले. फाथींच्या गावात पुढे माणसे राहायला आली, पण तिथल्या मातीच्या कितीतरी घरांच्या जागी आता सिमेंटची घरे आहेत. मशीद उभी आहे आणि तिची डागडुजी झाली आहे.